अनुभव धागा: रिवाज सोडल्यावर घरचे, गावचे कसे वागले?

माळ, व्रत, पंथ, गावदेव… घरचं पाळणं ज्यांनी सोडलं त्यांनी मोकळेपणानं लिहा. गावाचं नाव नको, तालुका पुरे. सुरुवात मी करतो.

खानापूर तालुका. घर तीन पिढ्यांचं माळकरी. माळ तुटली तर ती ओवून परत गळ्यात घातल्याशिवाय आजी पाण्याचा घोट घेत नसे. चोविसाव्या वर्षी मी माळ उतरवून देवघरात ठेवली. बाहेर मासे खाऊन ती गळ्यात मिरवणं मला खोटं वाटत होतं. वडील ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझं ताट मात्र मोरीजवळच्या फळीवर वेगळं दिसलं. काकडआरतीला उठवणं बंद झालं. आषाढीच्या दिंडीत माझ्या हातात असायची ती पताका चुलतभावाकडे गेली. हरिपाठ मला आजही तोंडपाठ आहे.

---

निपाणीकडची, जैन घर. बेंगळुरूला नोकरी, रात्री आठला सुटते. सूर्य मावळायच्या आत जेवणं कसं जमावं? दशलक्षण पर्वात बस्तीत (जैन मंदिरात) मला कुणी काही बोलत नाही, आईला विचारतात, "पोरगी पाळते न्हवं अजून?" आई हो म्हणते. माझ्यापायी तिला खोटं बोलावं लागतं, तेच टोचतं.

---

बेळगाव तालुका. तुम्हाला घरानं तरी धरलं. आम्ही ख्रिस्ती प्रार्थनेला जायला लागलो आणि लक्ष्मी यात्रेची आमची वर्गणी पंचांनी परत पाठवली. मग दळण बंद, मजुरीची हाक बंद. वडील वारले तेव्हा खांद्याला दुसऱ्या गावची माणसं आली. १९४९ मध्ये मुंबई प्रांतानं बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता, तेव्हा बेळगाव त्यातच होतं. दाऊदी बोहरा या मुस्लिम पंथाच्या धर्मगुरूंच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानं तो १९६२ ला रद्द केला. महाराष्ट्रानं २०१६ चा नवा कायदा आणला, पण तो सीमेवरच्या शिनोळीच्या पलीकडं, महाराष्ट्रात. आम्ही अलीकडं, कर्नाटकात. कायद्यानं वडिलांना खांदा मिळाला असता असं नाही, पण तक्रार घेऊन जायला एक दार असतं.

---

वरचं वाचून राहवलं नाही. आमच्या गावातही असं एक घर होतं. वर्गणी परत द्यायला मीच गेलो होतो, पंचांनी सांगितलं म्हणून. म्हातारीनं पैसे मोजून घेतले, पदराला बांधले आणि म्हणाली, "बस गा, चहा टाकते." मी उंबऱ्यातूनच परत फिरलो. स्टोला पंप मारल्याचा आवाज पाठीमागून येत होता.