राणीला म्हातारपणी विडी ओढायला लावू नका

सदाशिवपेठी_७ :
परवा इथं एका महाशयांनी लिहिलं, दख्खनच्या राणीचे, म्हणजे मुंबई-पुणे डेक्कन क्वीनचे, जुने डबे शोधा, पुढं वाफेचं इंजिन लावा आणि दर रविवारी लोणावळ्याला न्या, म्हणजे 'राणीचा मूळ थाट' दिसेल. अहो, राणी १ जून १९३० ला निघाली तीच विजेवर! कल्याण-पुणे तारा आधीच आल्या होत्या. जिनं जन्मात धूर सोडला नाही तिच्या तोंडात आता विडी देता?
आणि थाट कुणाचा? सात-सात डब्यांचे दोन संच, एक रुपेरी, एक निळा, डब्यांची वरची बांधणी माटुंग्यातली. बसायचे फक्त पहिल्या-दुसऱ्या वर्गाचे लोक. तिसरा वर्ग जोडला १९५५ मध्ये. आपले आजोबा फलाटावरून बघत असणार.

घोरपडीकर :
राणीचं मान्य. पण म्हणून वाफच नको? भोर घाटातला रेल्वेमार्ग १८६३ चा. १:३७ चा चढ, वर १९२९ पर्यंत मध्येच गाडीची दिशा उलटवायची भानगड, आणि हे सगळं वाफेवर. पुण्याहून लोणावळ्यापर्यंत तर घाटही नाही. तिकडं फेअरी क्वीन, १८५५ चं वाफेचं इंजिन, १९९७ पासून पर्यटकांना अलवरला नेऊ लागली. आपण धागे काढतो.

दौंडचा_पोऱ्या :
माझे वडील वाफेच्या इंजिनावर फायरमन होते, कोळसा टाकायचे. आई रोज उशीवरची काजळी झटकायची. वडिलांच्या हातावर ठिणग्यांचे डाग शेवटपर्यंत होते. ज्यांना हौस आहे त्यांनी मे महिन्यात एक फेरी फावडं मारावं, मग शिट्टीवर कविता करावी.

घोरपडीकर :
वडिलांबद्दल आदरच आहे. पण माझ्या आजोबांना तीच शिट्टी ऐकल्याशिवाय झोप येत नसे. त्याचं काय?

रोजचा_पासवाला :
रविवारी मार्ग अडवणार तुम्ही, लटकणार आम्ही. आधी दुपारच्या लोकलचं बघा.

आजीची_नात :
पासवाल्यांनी तर बोलूच नये! सत्तरीच्या माझ्या आजीला, आरक्षण हातात असताना, 'काकू, ही आमची रोजची जागा' म्हणून कर्जतपर्यंत उभं ठेवलंत. मांडीवर सूटकेस, तिच्यावर रमीचा डाव.

रोजचा_पासवाला :
मी ठेवलं? मी? सतरा वर्षं पहाटे पाचला उठतोय. तुम्ही वर्षातून एकदा येता, खिडकीत बसून कटलेट खाता आणि आम्हाला संस्कृती शिकवता.

आजीची_नात :
कटलेट खायला डायनिंग कारमध्ये जागा ठेवता का? एका चहावर लोणावळा ते दादर बसून असता.

रोजचा_पासवाला :
चहाचे पैसे देतो. तुमच्या खिशातून नाही.

दौंडचा_पोऱ्या :
वाफ इथंच भरपूर झाली. बॉयलर सांभाळा.

सदाशिवपेठी_७ :
धागा माझा आहे याची आठवण करून देतो. घोरपडीकर, तुमच्या आजोबांखातर एवढं मान्य : जुने डबे भंगारात जाण्यापेक्षा दुरुस्त करा, यार्डात किलोमीटरभर इंजिनामागं फिरवा. मुख्य मार्गावर नको. जुन्या पद्धतीच्या व्हॅक्यूम ब्रेकचे लाकडी डबे, ना पाणी भरायचे नळ उरले, ना इंजिन फिरवायची चकती. आणि गुजरातेतल्या केवडियाच्या गाडीसारखं आत वीज, बाहेर वाफेचं सोंग तर अजिबात नको.

घोरपडीकर :
वा, किलोमीटरभर! पेठेतल्या माणसानं एवढं सोडलं म्हणजे दिवाळीच. घेतलं.

रोजचा_पासवाला :
चालेल. खिडकी आमची.