पन्नाशीनंतर थ्रीडी प्रिंटिंग: तयार मॉडेल्स छापू की डिझाइन शिकू?

अबोली५१:
नमस्कार मंडळी. माझं काम हिशेबाचं. यंत्र म्हणाल तर आजवर फक्त शिलाई मशीन चालवलंय. लेकीने वाढदिवसाला छोटा थ्रीडी प्रिंटर दिला आणि मला त्याचं वेडच लागलंय. अडचण अशी की पहिला थर बेडला, म्हणजे ज्या पाटावर वस्तू छापली जाते त्याला, चिकटत नाही. नोझल, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक सोडणारी तोटी, पुढे सरकलं की धागा मागोमाग ओढला जातो आणि सगळा गुंता होतो. स्लायसरमधले (मॉडेलचे थर पाडून प्रिंटरला सूचना देणारं सॉफ्टवेअर) आकडे बघून तर काय बदलावं तेच कळत नाही. लेक म्हणते, तयार मॉडेल्स उतरवून घे आणि छाप. माझ्या मशीनवरची रिळाची खुंटी तुटली आहे, मला ती स्वतः बनवायची आहे. या वयात डिझाइन शिकणं जमण्यासारखं आहे का?

लेथवाला:
अबोलीताई, जमेल, आणि खुंटीच करा. आयुष्यभर लेथवर काम केल्यावर निवृत्तीनंतर मी यात पडलो. ज्याला नेमकी वस्तू हवी असते तो टिकतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय. नुसती खेळणी छापणाऱ्यांचे प्रिंटर लवकरच धूळ खातात.

आधी बेड. हाताचा तेलकटपणा लागला की पीएलए (छपाईचं नेहमीचं प्लास्टिक) धरत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मग पृष्ठभागाला बोट लावू नका. नोझल २१० अंश, बेड ६० अंश. बेड हाताने लेव्हल करायचा असेल तर तो गरम असतानाच करा. साधा कागद नोझलखाली सरकवायचा, तो किंचित अडखळत सरकला पाहिजे. पहिल्या थराच्या रेषा एकमेकींना चिकटून, जराशा चपट्या दिसायला हव्यात. गोल, सुट्या दिसल्या तर नोझल वर आहे. आणि एका वेळी एकच आकडा बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

निळापक्षी:
डिझाइनसाठी टिंकरकॅड बघा. ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे. खुंटी म्हणजे एक सिलिंडर आणि खाली चकती, एवढंच. बारीक मापं घ्यायला एक डिजिटल व्हर्नियर मात्र हवाच. तुटलेले तुकडे टाकले नसतील अशी आशा आहे.
तयार मॉडेल्सना इतकी नावं ठेवू नका हो, लेथवाले. २० मिमीचा ठोकळा छापून मोजला की आपला प्रिंटर किती खरा आहे ते समजतं.

लेथवाला:
ठोकळ्याचं मान्य. ताई, तो आधी छापाच.

आता खुंटीची खरी गोम. उभी छापलीत तर पहिल्याच ओढीला मोडेल, कारण थरांमधला जोड हा सगळ्यांत कच्चा भाग. आडवी छापा. गोल दांडा बेडवर टेकायला जागा लागते, म्हणून एका बाजूने अर्धा मिलिमीटर सपाट कापून घ्या. रिळाला त्याने काही फरक पडत नाही. चकती वेगळी छापून नंतर बसवा. तिचं भोक दांड्यापेक्षा ०.२ मिमी मोठं ठेवा. भोकं नेहमी थोडी लहानच येतात. शिलाई मशीन उन्हात ठेवत असाल तर पीएलए नको, साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडतं. तिथे पीईटीजी बरं, ते जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक.

अबोली५१:
बेड पुसला, कागद सरकवून लेव्हल केला, आणि थर बसला! ठोकळा मोजला: एका बाजूने २०.१, दुसरीने १९.९. फार आनंद झाला. तुकडे जपून ठेवलेत, दांडा ५ मिमी भरला. मशीन खिडकीपाशी असतं, म्हणजे पीईटीजीच आणावं लागेल. त्याला तापमान किती ठेवू?

लेथवाला:
२३५ पासून सुरू करा, बेड ७५. प्रिंटरचा पंखा कमी ठेवा. आणि बेड काचेचा असेल तर आधी गोंदकांडी फिरवा, पीईटीजी काचेला इतकं घट्ट धरतं की काढताना काचेचा टवका उडू शकतो.