खडी सुटते तिथे तेल नको

इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात डांबरी रस्त्याची खडी सुटते, म्हणून व्हीजी-३० या रस्त्याच्या डांबरात वापरलेलं खाद्यतेल मिसळावं का, असा प्रश्न आहे. नका मिसळू. तेलाने डांबर मऊ पडतं. त्याचा उपयोग जुन्या रस्त्यातून उखडलेल्या, कडक झालेल्या डांबरी मालाला, तोही गाळून आणि पाणी पूर्ण उडवूनच. पाणी राहिलं तर गरम डांबर फेसाळून उतू जातं.

खडी सुटते ती दगडावरच्या धुळीमुळे आणि ओलीमुळे. आधी खडी धुऊन वाळवा. मग फिलरमध्ये (खडीत मिसळायच्या बारीक भुकटीत) खडीच्या वजनाच्या २ टक्के हायड्रेटेड लाइम, म्हणजे विरवलेला चुना घाला, कळीचा चुना नव्हे. डांबर खडीला धरून राहावं म्हणून अमाइनचं द्रव रसायन वापरणार असाल तर ते डांबरात कामाच्या दिवशीच मिसळा. तापत्या टाकीत दिवसेंदिवस ठेवलं की त्याचा जोर ओसरतो. डांबराचा लेप दिलेल्या खडीचा नमुना ४० अंश सेल्सिअस पाण्यात २४ तास बुडवा, किमान ९५ टक्के लेप टिकायलाच हवा.