गट तुटला की अर्धे नोड आंधळे होतात : ॲडहॉक नेटवर्कसाठी मिडलवेअर कसं असावं?

तरंग_७ :
१२ फिरते नोड आहेत, सगळे रास्पबेरी पाय ४. वाय-फाय ॲडहॉक मोडमध्ये (राउटरविना, नोड थेट एकमेकांशी), रूटिंगला ओएलएसआर (नोडमधले मार्ग शोधणारा प्रोटोकॉल). प्रत्येक नोड तापमान, स्थान आणि बॅटरी दर ५०० मिलिसेकंदांनी जेसनमध्ये (मजकुराच्या रूपातली मांडणी) पाठवतो, एक संदेश साधारण ५०० बाइटचा. एमक्यूटीटी ब्रोकर (संदेश घेऊन इतरांना वाटणारा मध्यस्थ) एकाच नोडवर आहे. गट दोन भागांत तुटला की ब्रोकर नसलेली बाजू ठप्प होते. पुन्हा जुळला की कधी कधी जुनं रीडिंग नव्यावर चढून बसतं. प्रत्येक नोडवर ब्रोकर ठेवून ते एकमेकांना जोडावेत (ब्रिज करावेत), की रचनाच बदलावी?

सेतू :
रचना बदला. ब्रिज केलेत तर १२ ब्रोकरांमध्ये संदेश गोल फिरणं टाळण्यातच वेळ जाईल. प्रत्येक नोडवर स्थानिक साठा ठेवा. ॲप्लिकेशन फक्त त्या साठ्याला विचारेल, नेटवर्कला कधीच नाही. साठे एकमेकांशी जुळवणं हे मिडलवेअरचं, म्हणजे ॲप्लिकेशन आणि नेटवर्क यांच्या मधल्या थराचं काम.

जुनं रीडिंग वर चढतं, कारण तुम्ही बहुधा टाइमस्टँपवर विसंबून आहात. पाय ४ वर बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. इंटरनेटविना रीस्टार्ट झाला की वेळ मागे पडलेली असते. एकाच स्रोताची दोन रीडिंग तोलायला घड्याळ लागतच नाही. प्रत्येक नोंदीला तीन गोष्टी लावा : नोड क्रमांक, बूट क्रमांक, अनुक्रमांक. बूट क्रमांक डिस्कवर लिहून ठेवायचा आणि प्रत्येक रीस्टार्टला एकने वाढवायचा. तो विसरलात तर रीस्टार्टनंतर अनुक्रमांक पुन्हा १ पासून सुरू होतो आणि बाकीचे नोड नवी रीडिंग जुनी समजून टाकून देतात.

ताजेपणासाठी वेळ नको, वय पाठवा. नोंद नोडवर किती मिलिसेकंद थांबली ते मोनोटॉनिक घड्याळाने (जे कधीच मागे जात नाही) मोजा आणि पुढे पाठवताना वयात मिळवा. हवेतले काही मिलिसेकंद सोडून दिले तरी चालतात. प्रत्येक प्रकाराला कमाल वय ठरवा : स्थानाला ५ सेकंद, बॅटरीला १० मिनिटं. वय उलटलं की साठ्याने ‘माहीत नाही’ असं उत्तर द्यावं, शेवटचं मूल्य देऊ नये. माझ्या मते या मिडलवेअरचा सगळ्यात महत्त्वाचा नियम हाच.

निरोप्या :
सेतू यांच्याशी सहमत, पण संदेशांची संख्या कमी केली नाही तर हे सगळं कागदावरच राहील. वाय-फायवर ब्रॉडकास्टला पोच नसते, हरवलं तर पुन्हा पाठवलं जात नाही, आणि ते सहसा सगळ्यात कमी दराने जातं. २.४ गिगाहर्ट्झवर हा दर बऱ्याचदा सेकंदाला १ मेगाबिट असतो. ५०० बाइट म्हणजे निव्वळ ४ मिलिसेकंद. १२ नोड, सेकंदाला २ संदेश, म्हणजे २४. प्रत्येक संदेश सगळ्यांनी एकेकदा पुढे ढकलला तर २८८ प्रक्षेपणं, म्हणजे दर सेकंदाला ११५२ मिलिसेकंद. सेकंदात तेवढी जागाच नाही.

त्यामुळे जेसन सोडून सीबॉर (तीच माहिती कमी बाइटमध्ये मांडणारं बायनरी रूप) घ्या. तापमान अर्ध्या अंशाने बदललं तरच पाठवा, नाहीतर ३० सेकंदांनी एकदा. स्थान दोन हॉपपलीकडे (हॉप म्हणजे नोड ते नोड एक टप्पा) जाऊ देऊ नका; लांबच्या नोडला ते सहसा कामाचं नसतं. पुढे पाठवण्याआधी ० ते १०० मिलिसेकंदांचा यादृच्छिक विलंब ठेवा, नाहीतर एकच संदेश ऐकलेले शेजारी एकदमच बोलतात.

सावकाश बदलणाऱ्या माहितीला, म्हणजे नोडची क्षमता, कॉन्फिगरेशन वगैरेंना, ट्रिकल अल्गोरिदम (इंटरनेट दस्तऐवज आरएफसी ६२०६) वापरा. शेजाऱ्यांकडे तेच आहे असं दिसलं की गप्प बसायचं आणि अंतराल दुप्पट करायचा. फरक दिसला की पुन्हा लहान अंतरालावर यायचं. तापमानाला मात्र तो लावू नका. रीडिंग सतत बदलत राहिली तर फरक कायम दिसतो आणि अंतराल वाढतच नाही.

आणखी एक : ॲडहॉकला जोडताना बीएसएसआयडी (वाय-फाय गटाची ओळख) स्वतः ठरवून द्या. नाहीतर तुटलेले दोन भाग वेगवेगळे बीएसएसआयडी घेऊ शकतात, आणि ते एकत्र आणणं ड्रायव्हरवर सोडलं तर ते होईलच असं नाही. नोड शेजारी उभे असूनही एकमेकांना दिसत नाहीत आणि दोष मिडलवेअरवर येतो.

तरंग_७ :
वय आणि बूट क्रमांक पटले. पण कामंही वाटायची आहेत. ‘हे काम मी उचललं’ असं दोन्ही तुकड्यांत दोन नोड म्हणाले तर?

सेतू :
दोन्ही तुकड्यांत काम चालूही राहावं आणि एकदाच व्हावं, हे एकत्र मिळत नाही. कुठलंही मिडलवेअर ते देणार नाही. १९९९ च्या लाइम या मिडलवेअरमध्ये नोड जवळ आले की त्यांच्या टपल स्पेस (नोंदींचे सामायिक साठे) एकाच अखंड व्यवहारात (ॲटॉमिक) एकत्र होत. फिरत्या नोडमध्ये ते सांभाळणं महाग पडतं. पुढे लिमोन या मिडलवेअरने ती अट सोडून प्रत्येक एजंटला (नोडवर चालणाऱ्या प्रोग्रामला) स्वतःची परिचितांची यादी दिली. तुम्हीही तसंच करा : कामाचा मालक एकच नोड, काम द्यायचं ते त्यानेच, आणि २० सेकंदांच्या लीजवर (मुदतीच्या ताब्यावर). घेणाऱ्याने लीज विनंती पाठवल्या क्षणापासून मोजावी, मालकाने मंजुरीच्या क्षणापासून. मग घेणाऱ्याची मुदत आधी संपते.

मालक दुसऱ्या तुकड्यात असेल तर काम थांबतं. ते परवडत नसेल तर काम दोनदा झालं तरी बिघडणार नाही असं रचा.

निरोप्या :
लीजसोबत चढता क्रमांक द्या आणि प्रत्यक्ष यंत्राने जुना क्रमांक नाकारावा. लीज हातात असताना प्रोसेस काही सेकंद अडकली, तर नुसती मुदत उपयोगी पडत नाही.

शेजारी गेला हे ओएलएसआरला उशिरा कळतं हेही धरा : ‘मी आहे’ सांगणारा हॅलो संदेश २ सेकंदांनी, शेजाऱ्याची मुदत ६ सेकंद. १० मीटर प्रतिसेकंद वेगाने विरुद्ध दिशांना जाणारे दोन नोड तेवढ्यात एकमेकांपासून १२० मीटर लांब जातात. मुदत कमी केलीत तर सीमेवरचा शेजारी सारखा आत-बाहेर होईल. म्हणून शेजाऱ्याला आत घेण्याची आणि बाहेर काढण्याची दुव्याच्या दर्जाची पातळी वेगळी ठेवा. ओएलएसआरच्या आरएफसी ३६२६ मध्ये त्या ०.८ आणि ०.३ आहेत, तिथून सुरुवात करा.