यूकेचा विद्यार्थी व्हिसा : खात्यावर पैसे कसे दाखवायचे? लेकीसाठी सल्ला हवाय

उदगीरचा_बाप
नमस्कार मंडळी. लेकीला लीड्सला एमएस्सीला प्रवेश मिळालाय, सप्टेंबरअखेर वर्ग सुरू. आमच्या घरात पासपोर्ट काढणारी ती पहिलीच. फीचा पहिला हप्ता भरला. बाकीच्यासाठी गावालगतचा प्लॉट विकला, ते पैसे परवा माझ्या खात्यावर आलेत. सहा लाख पतसंस्थेत ठेव आहेत. शेती नऊ एकर. सातबारा जोडला तर चालेल का? एक एजंट म्हणतो, चाळीस हजार द्या, महिनाभर खात्यावर पैसे दाखवून देतो. मन धजत नाही. काय करावं?

गोदाकाठ
काका, आधी त्या एजंटचा नाद सोडा. खोटे कागद सापडले तर दहा वर्षं यूकेचं दार बंद होऊ शकतं. लेकराच्या कष्टाची माती होईल.
सातबारा, सोनं, शेअर्स काही चालत नाही. बचत खातं किंवा लगेच मोडता येणारी ठेव लागते. राहिलेली फी, शिवाय नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च. लंडनबाहेर तो नोव्हेंबर २०२५पासून महिन्याला १,१७१ पौंड आहे, म्हणजे १०,५३९ पौंड. एवढी रक्कम सलग २८ दिवस खात्यावर पाहिजे. आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या ३१ दिवसांच्या आत असावा. भरलेला हप्ता विद्यापीठाच्या कॅस पत्रात (व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं पत्र) लिहून घ्या, तेवढा वजा होतो.
पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण नसतं, तिथली ठेव धरतील या भरवशावर राहू नका. मोडून राष्ट्रीयीकृत बँकेत आणा. १४ जुलैला जमा झाली तर १० ऑगस्टपर्यंत हात लावायचा नाही.

नांदेडहून
आणि हिशेबाला हिशेब ठेवू नका! माझ्या भावाच्या वेळेस आम्ही मोजून तेवढेच ठेवले होते. मेच्या शेवटी जीवनज्योती विम्याचे ४३६ रुपये आपोआप कापले गेले आणि रक्कम खाली गेली. पासबुकावर ती ओळ बघून आई तिथंच बाकड्यावर बसली. २८ दिवस परत पहिल्यापासून मोजावे लागले. पीककर्जाचा हप्ता, विमा, जे काही त्या खात्यातून कापलं जातं ते आधी दुसऱ्या खात्याला जोडा. पौंडाचा भावही खालीवर होतो, लाख-दीड लाख जास्तीचे ठेवाच.

बँकवाला_लातूर
थोडं वेगळं सांगतो. शैक्षणिक कर्ज घेतलं तर मंजुरीपत्राला २८ दिवसांची अट नाही. पत्र लेकीच्या नावे आणि सहा महिन्यांच्या आतलं असावं. शेतजमीन तारण म्हणून बहुतेक बँका घेत नाहीत, एनए (बिनशेती) प्लॉट किंवा घर घेतात. म्हणूनच वाईट वाटतं, प्लॉट विकण्याआधी विचारलं असतं तर तो तारण ठेवता आला असता. हे वाचणाऱ्या बाकीच्यांनी तरी घाई करू नये.

गोदाकाठ
एक राहिलंच. पैसे तुमच्या नावावर असतील तर तिचा जन्मदाखला आणि तुमचं संमतीपत्र लागतं. टीबीची तपासणी यूके सरकारनं ठरवून दिलेल्या केंद्रातच, गावाकडचा एक्स-रे नको.

उदगीरचा_बाप
लई उपकार झाले. आत्ताच पेटी उघडून दाखला काढला. नावाचा रकाना कोरा आहे, नुसतं 'मुलगी' लिहिलंय. आणि माझं नाव दाखल्यात बालाजी, बँकेत बालासाहेब. आता?

नांदेडहून
घाबरू नका, आपल्याकडं बऱ्याच जणांचं असंच असतं. जन्म जिथं नोंदला त्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन आधी तिचं नाव आता चढवता येईल का ते विचारा, दहावीची सनद आणि आधार सोबत न्या. तुमच्या नावाच्या दुरुस्तीचंही तिथंच विचारा. दाखला नुसता मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. उद्या सकाळीच निघा, पतसंस्थेचं काम परवा झालं तरी चालेल.

उदगीरचा_बाप
लेक म्हणते मीही येते. सकाळी सातच्या एसटीनं निघतो.