जठराच्या अस्तरातील प्रथिने: बॉडी आणि अँट्रम यांच्यातील फरक नेमका कशाचा?

प्रश्न

नमस्कार. पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी जठराच्या अस्तरातील प्रथिनांचा भागवार नकाशा तयार करत आहे. बॉडीच्या (जठराच्या मधल्या मुख्य भागाच्या) बायोप्सींमध्ये प्रोटॉन पंप (आम्ल स्रवणारे प्रथिन), इंट्रिन्सिक फॅक्टर (ब१२ जीवनसत्त्व शोषण्यास लागणारे प्रथिन) आणि गॅस्ट्रिक लायपेज (मेद पचवणारे विकर) मुबलक आढळतात. अँट्रममध्ये, म्हणजे जठराच्या आतड्याकडील शेवटच्या भागात, ती जेमतेम दिसतात. हा फरक पेशींनी प्रथिने कमी-अधिक बनवल्यामुळे पडतो, असे मानावे का? शिवाय अँट्रममध्येच बनणारे, आम्लस्रावाला चालना देणारे गॅस्ट्रिन हे संप्रेरक अँट्रमच्या यादीत नाही, याचे मला विशेष आश्चर्य वाटते.

उत्तर १

तसे मानू नये. आपण मुख्यतः पेशींची शिरगणती करत आहात. आम्ल तयार करणाऱ्या पॅराइटल पेशी आणि पाचक विकरे देणाऱ्या चीफ पेशी प्रामुख्याने फंडस (जठराचा वरचा भाग) व बॉडीतील ग्रंथींमध्ये असतात, तर अँट्रमच्या ग्रंथी बहुतांशी श्लेष्मा स्रवतात. पेप्सिनोजेनचे (पेप्सिन या पाचक विकराच्या पूर्वरूपाचे) उदाहरण पाहा: पेप्सिनोजेन १ फंडस आणि बॉडीतूनच येते, पण पेप्सिनोजेन २ अँट्रममध्येही बनते, म्हणूनच बॉडीच्या ग्रंथी झिजल्या की रक्तातील पहिल्याचे दुसऱ्याशी असलेले प्रमाण घसरते. उंदरांवरील निष्कर्षांशी तुलना करणार असाल तर मात्र जपून, कारण इंट्रिन्सिक फॅक्टर माणसात पॅराइटल पेशी बनवतात आणि उंदरात चीफ पेशी.

उत्तर २

वरील उत्तराशी सहमत आहे. मात्र चिमट्याने तुकडा किती खोलवरून घेतला, हेही पाहायला हवे. पृष्ठभागाजवळच्या पेशींत म्युसिन ५एसी (श्लेष्मातील एक प्रथिन) असते आणि खोलवरच्या श्लेष्मल पेशींत म्युसिन ६; पॅराइटल पेशीही पृष्ठभागाखालच्या ग्रंथींत असतात, त्यामुळे बॉडीतून वरवर घेतलेल्या तुकड्यात प्रोटॉन पंप कमी भरतो आणि तो नमुना उगाच अँट्रमसारखा भासतो. प्रत्येक नमुन्याशेजारचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावा, म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातील जिवाणूचा संसर्ग किंवा आतड्यासारखे झालेले अस्तर वेळीच लक्षात येईल.

उत्तर ३

तुलना एकाच व्यक्तीच्या दोन भागांची, जोडीने करावी. 5000 प्रथिने तपासून योगायोगाने फरक दिसण्याच्या शक्यतेची 5 टक्क्यांची मर्यादा ठेवली, तर खरा फरक मुळीच नसतानाही सुमारे 250 प्रथिने निव्वळ योगायोगाने वेगळी ठरतील. म्हणून एकाच वेळी केलेल्या अनेक तुलनांसाठीची सांख्यिकीय दुरुस्ती अपरिहार्य आहे.

गॅस्ट्रिनविषयी सांगायचे तर, ते स्रवणाऱ्या ‘जी’ (G) पेशी मुळातच थोड्या असतात. त्यातून, मोजणीपूर्वी प्रथिनांचे तुकडे (पेप्टाइडे) करण्यासाठी नेहमी वापरले जाणारे ट्रिप्सिन हे विकर लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांनंतरच साखळी तोडते, आणि 17 अमिनो आम्लांच्या गॅस्ट्रिनमध्ये ही दोन्ही नाहीत. शिवाय त्याची दोन्ही टोके रासायनिकदृष्ट्या बदललेली असल्याने मोजलेली पेप्टाइडे ज्ञात प्रथिनांशी जुळवण्याच्या नेहमीच्या शोधात ते सहज निसटते. ट्रिप्सिनविना पेप्टाइडे वेगळी काढून, शोधात ते बदल नमूद करून पाहावे. तोवर नकाशात ती जागा ‘नाही’ अशी नव्हे, तर ‘मोजली नाही’ अशी दाखवावी.