मदत हवी आहे : बजरीगरांच्या खोलीत कोणता हीटर चालेल?

आम्ही मेढ्यात (जि. सातारा) राहतो. आमच्या बजरीगर (छोटे पाळीव पोपट) जोडीतला नर पहाटेच्या थंडीत पिसे फुलवून बसून राहतो. पशुवैद्यांनी तपासले, आजार नाही. कोळशाची शेगडी कार्बन मोनॉक्साइडच्या भीतीने आधीच बाद केली, पिंजरा खिडकीपासून हलवला आणि रात्री तीन बाजूंनी गोधडीही टाकतो, तरी फरक नाही. नवा हीटर आणला आहे; परंतु नॉनस्टिक तव्यावरचा पीटीएफईचा थर काही हीटरच्या भागांवरही असतो आणि तो अति तापल्यास निघणारी वाफ पक्ष्यांना काही मिनिटांत मारू शकते, हे वाचल्यापासून तो खोक्यातच आहे. खोक्यावर याचा उल्लेख नाही. दुकानदार नुसते "काही होत नाही" म्हणतो. पक्ष्यांना दुसऱ्या खोलीत हलवणे शक्य नाही. असा थर नसल्याची खात्री कंपनीकडून नेमकी कशी करून घ्यावी, आणि तेलाचा रेडिएटर (आत तेल भरलेला विजेचा हीटर) कोणी पक्ष्यांजवळ वापरला असल्यास पिंजऱ्यापासून किती अंतरावर ठेवला?